ओल्या पायजम्याची पैज

मी पार उत्तरेकडच्या बर्फाळ हार्बिनचा माणूस! उणे तीस अंशांत भर रस्त्यात आइसकांडी चोखणारा! सासुरवाडीची सहा अंशांची थंडी मला काय करणार? नववर्षाला दक्षिणेत, सासरी युएयांगला पोचल्या पोचल्या मी बायकोशी, लानशीशी, पैज मारली. आठ दिवसांत माझ्या तोंडून ‘थंडी वाजतेय’ निघालं नाही, तर पुढचं नववर्ष माझ्या आईकडे. निघालं, तर पुन्हा इथेच.

आणि इथे मला यायचंच नव्हतं. कारण शेजारचा वेइतोंग! लानशीचा शाळासोबती, हवामान खात्यात नोकरीला. सासूबाईंना उठता-बसता वेइतोंग! शेगडी दुरुस्त केली वेइतोंगने, मासे आणले वेइतोंगने. माझा नुसता जळफळाट!

पहिल्याच संध्याकाळी मी माझा एकुलता एक लोकरीचा पायजमा धुऊन बाहेर टांगला. आमच्याकडे कपडे गोठतात, नंतर बर्फ झटकला की झाले कोरडे! इथे गावालगतच्या तळ्यावरून धुकं आलं आणि पायजमा तीन दिवस ओलाच.

“जावईबापू, वेइतोंगने त्याचा कोरा पायजमा पाठवलाय, तो घाला,” सासूबाई म्हणाल्या.

“छे! हा वाळलाय की!” म्हणालो आणि ओलाच चढवला. आई गं! हार्बिनची थंडी निदान कोटाबाहेर थांबते. ही थेट आत शिरून बसली!

“ग्वानदादा,” वेइतोंग म्हणाला, “ऊब लोकरीची नसते, तिच्यात अडकलेल्या कोरड्या हवेची असते. दमट हवेत लोकरच ओलसर होते, आणि पाणी अंगातली ऊब ओढून नेतं. वाजतेय ना?”

“न-न-नाही!”

रात्री सगळे शेगडीच्या मेजाभोवती बसले. खाली निखारे, वरून जाड गोधडी, हातपाय आत. मी तेवढा बाहेर, मानी! समोर लानशी आणि वेइतोंग शेजारी-शेजारी, खिदळताहेत. आणि दोघांचे हात गोधडीखाली! माझं डोकंच फिरलं. दोन्ही हात आत खुपसून बायकोचा हात घट्ट धरला.

“अहो, संत्रं खाणार?” लानशीने विचारलं. तिचे दोन्ही हात केव्हाच मेजावर येऊन संत्रं सोलत होते!

“ग्वानदादा,” वेइतोंग हळूच म्हणाला, “हात आहे की बर्फ? सोडा बरं, मला चहा घ्यायचाय.”

सोडायला हवा होता हो! पण इतका ऊबदार होता...

“नको रे सोडूस!” मी ओरडलो. “थंडी वाजतेय!”

पुढच्या वर्षीही युएयांगच. पायजमा मात्र आत्ताच घालून बसलोय. वेइतोंगचाच.