मशीनचं कुंकू

यंत्र सुरू न होणं हा यंत्राचा दोष नसून गिऱ्हाइकाचा स्वभावदोष आहे, ही गोष्ट लहान इंजिनांच्या दुरुस्तीशास्त्रात केव्हाच सिद्ध झालेली आहे. इंजिन जितकं लहान, तितका गिऱ्हाइकाचा दोष मोठा. ट्रक बंद पडला तर मिस्त्री निदान बॉनेट तरी उघडतो. फवारणीचा पंप, गवत कापायची मशीन, झाडं कापायची चेनसॉ यांच्या बाबतीत तो थेट माणसाच्या तोंडाकडं पाहतो आणि विचारतो, "चोक ओढला होता का?"

नरखेड तालुक्यातले संत्रा बागायतदार रुपराव काळबांडे, वय बासष्ट, यांना हे शास्त्र ठाऊक नव्हतं. त्यांनी दसऱ्याच्या आधी नागपूरहून चेनसॉ आणली. आणण्याचं कारण भक्कम होतं: व्याही वामनरावांनी आणली होती. मुलगी अपेक्षानं मोबाइलवर दुकान शोधून दिलं. 'यंत्रकृपा एजन्सी अँड सर्व्हिसिंग', तारे चार पूर्णांक नऊ, देणारे तीनशे बारा. "बाबा, इतके लोक काय खोटं बोलतीन?" ती म्हणाली. रुपरावांनी तरी वामनरावांना फोन केला. "एक नंबर मशीन!" वामनराव म्हणाले आणि लगेच पावसाचा विषय काढला. रुपरावांना तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही.

मशीन घरी आली त्या दिवशी रुपरावांनी पारावर चारचौघांत गोविंदाला गाठलं. गोविंदा म्हणजे गावातला लाकूड तोडणारा. "गोविंदा, तुही कुऱ्हाड आता माळ्यावर टाक गा. कुऱ्हाडीचे दिवस गेले." लोक हसले. गोविंदानं मान हलवली आणि कुऱ्हाडीला धार लावायला निघून गेला. पुढचा महिनाभर मशीन काही सुरू झाली नाही, पण तिचं कामही पडलं नाही, त्यामुळे ती उत्तम चालते असंच सगळ्यांचं मत होतं.

दिवाळी तोंडावर असताना मंगळवारी वादळ आलं आणि रुपरावांच्या बगीच्याकडं जाणाऱ्या पांदणीवर जुनी बाभूळ आडवी झाली. पांदणीच्या एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला विहीर. म्हणजे बैलगाडीही वळसा घालून जाईना, मग ट्रकची गोष्टच सोडा. इकडं संत्र्याला रंग चढला होता, फळ गळायला लागलं होतं, आणि सोमवारी नत्थूजी व्यापाऱ्याची गाडी माल तोडायला येणार होती. वर्षभर पोटच्या पोरासारखा सांभाळलेला बहार, आणि हातात दिवस पाच.

"गोविंदाले बोलवा," रुपरावांची बायको प्रेमलता म्हणाली. "सांजेपर्यंत मोकळं करून देते तो."

"घरी मशीन असताना कुऱ्हाड? गाव काय म्हणन?"

"गाव काय संत्रा तोडाले येते काय?"

रुपराव मशीनकडं वळले. बुधवारी त्यांनी दोरी एकशे चौदा वेळा ओढली. (मोजणी प्रेमलतेची. तिला मोजायला कोणी सांगितलं नव्हतं.) पैकी एकशे आठ वेळा काहीही झालं नाही आणि सहा वेळा मशीन 'फुस्स' म्हणाली. दुरुस्तीशास्त्रात याला 'प्रतिसाद समाधानकारक' असं म्हणतात. संध्याकाळी रुपरावांचा उजवा खांदा शर्टात जाईना.

गुरुवारी ते एसटीनं नागपूरला गेले. मशीन मांडीवर होती. यंत्रकृपात काउंटरवर पियुष नावाचा तरुण होता, त्याच्या टी-शर्टवर 'आम्ही तुमच्यासोबत' असं छापलेलं होतं, आणि तो मोबाइलसोबत होता. त्यानं चोकचं विचारलं. मग पेट्रोल कोणत्या पंपाचं ते विचारलं, त्यात ऑइल कोणी मिसळलं, मिसळताना कोणत्या हातानं हलवलं, मशीन रात्री कोणत्या अंगावर ठेवता, हेही विचारलं. सगळी उत्तरं बरोबर निघाल्यामुळे त्याचा चेहरा पडला. मग तो मशीन घेऊन पडद्यामागं गेला.

पडद्यामागं काय चालतं हे कोणत्याही गिऱ्हाइकाला पाहता येत नाही, आणि ते योग्यच आहे. चाळीस मिनिटांनी आतून 'घर्रर्र' असा दणदणीत आवाज आला. बाकावरचे लोक उठून उभे राहिले. पियुष बाहेर आला आणि त्यानं जॉबकार्डावर शिक्का मारला: 'दोष आढळला नाही.'

आता या दुकानाची एक रीत होती, थोरल्या मालकांपासून चालत आलेली. नवी असो की दुरुस्त केलेली, मशीन पूजा केल्याशिवाय बाहेर द्यायची नाही. झाकणावर कुंकू काय, कोणीही लावतो. असे दुकानदार उथळ समजावेत. यंत्रकृपात झाकण उघडून, इंजिन जिथून श्वास घेतं त्या जाळीवर हळद, चिमूटभर कुंकू, चार अक्षता आणि वरून नारळाचं पाणी शिंपडलं जाई, आणि मग झाकण घट्ट बसवलं जाई. माणसाच्या नाकात कुंकू भरून त्याला पळायला सांगावं, अशी शंका आजवर एकाही गिऱ्हाइकानं काढलेली नाही. (तीनशे बारांपैकी एकानंही नाही.)

"हे आमचं सील आहे काकाजी," पियुष म्हणाला. "आतलं कुंकू हललेलं दिसलं, की समजायचं कस्टमरनं मशीन खोलली. वॉरंटी खतम. अजून दीड वर्ष आहे तुमची, सांभाळा. आणि कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहा द्या बरं का. नऊ दिले तरी माझी नोकरी जाते."

"देतो ना बाबू," रुपराव म्हणाले. त्यांनी मशीनला हात जोडले.

घरी येऊन ओढली. नव्वद वेळा. शुक्रवारी पुन्हा एसटी, पुन्हा पडदा, पुन्हा घर्रर्र, पुन्हा शिक्का, पुन्हा कुंकू. पियुषनं या खेपेला "तुमच्या गावची हवा जड आहे का?" असं विचारलं. रुपराव म्हणाले, असंल. शनिवारी तिसरी खेप. त्या दिवशी बाकावर भिवापूरचे एक मिरचीवाले बसले होते, फवारणीचा पंप घेऊन. ते सलग तिसऱ्या वर्षी येत होते आणि आता जुन्या माणसाच्या अधिकारानं नव्यांना सल्ला देत होते.

"आत मिस्त्री हुशार असंल ना?" रुपरावांनी विचारलं.

"मिस्त्री? तो तं पोरीच्या लग्नात सोडून गेला. दोन वर्षं झाले."

"मंग आत कोण हाय?"

"पडदा हाय ना," भिवापूरकर म्हणाले. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती.

परतीच्या बसमध्ये रुपरावांचं तोंड कडू झालं होतं. वाटेत दुसऱ्यांच्या बगीच्यांतून भरलेल्या गाड्या निघताना दिसत होत्या. त्यांना पहिल्यांदाच वाटलं की बहार हातचा जातो. पण गोविंदाकडं जायचं म्हटलं की पारावरचं ते हसू आठवे आणि पाय उचलेना. अब्रू नावाची मशीन मात्र एका ओढीत सुरू होते आणि मग बंद होत नाही.

रविवारी सकाळी रुपराव आंघोळीला गेले तेवढ्यात प्रेमलतेनं चाकूच्या टोकानं स्क्रू काढले आणि झाकण उघडलं.

"अहो, हे पाहा! ह्याच्यात तं आख्खं देवघर हाय!"

जाळीवर लाल चिखल थापला होता. तांदूळ फुगून आंबले होते. तीन पूजांचा थर होता तो, विकत घेतानाची धरून चार. प्रेमलतेनं जाळी पेट्रोलमध्ये धुतली, दात घासायच्या जुन्या ब्रशनं खरवडली, उन्हात वाळवली आणि जागेवर बसवली. घरातला मिक्सर, कुलर आणि नवरा ती तीस वर्षं याच पद्धतीनं चालवत आली होती. रुपरावांनी दोरी ओढली. पहिल्यांदा फुस्स. दुसऱ्यांदा फुस्स. तिसऱ्यांदा घर्रर्र!

लिंबावरचे बगळे उडाले. रुपराव धावत पांदणीवर गेले आणि मनगटाएवढी एक फांदी कापली. लोण्यासारखी कापली गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "चालू झाली वं! चालू झाली!" ते ओरडले. आणि मग त्यांच्या डोक्यात वीज चमकली. त्यांनी मशीन बंद केली.

"काहून बंद केली?"

"तू कुंकू पुसलं."

"मंग?"

"सील होतं ते! वॉरंटी गेली ना!"

"चालत्या मशीनले वॉरंटी काय करता, धुऊन पिता काय?"

"आज चालू हाय. उद्या बंद पडली तं?"

या युक्तिवादात खोट काढणं अवघड आहे. बंद मशीन हातात असेल तर निदान वॉरंटी तरी असते; चालती मशीन म्हणजे नुसता जुगार. शिवाय कुंकू पुसणं अशुभ, मग ते बाईचं असो की मशीनचं. प्रेमलतेनं कपाळावर हात मारला. "आधी बाभूळ तं कापा! मंग लावा काय लावायचं ते!" पण दीड वर्षाची वॉरंटी उघड्यावर टाकून बाभूळ कापत बसणारे रुपराव नव्हते. त्यांनी देवघरातून कोयरी आणली. हळद, कुंकू, मोजून चार अक्षता. नारळ फोडला. पियुषपेक्षा काकणभर जास्तच मन लावून त्यांनी ते पाणी जाळीवर शिंपडलं आणि झाकण घट्ट बसवलं. वॉरंटी वाचली.

सोमवारी दहा वाजता नत्थूजीची गाडी बाभळीपाशी येऊन उभी राहिली. मागं तोडणाऱ्या बाया बसल्या होत्या. रुपराव ओढत होते. चाळीस, पन्नास, बासष्ट. बाया आधी हसल्या, मग त्यांना दया आली, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं. अर्ध्या तासानं नत्थूजी खाली उतरले आणि त्यांनी रुपरावांच्या पाठीवर हात ठेवला.

"रुपरावभाऊ, मायाजवळ टाइम नाही. वामनरावचा बगीचा वाटेवरच हाय, त्याचा माल भरतो. तुमचं पाहू मंग."

"पण वामनरावच्या पांदणीवर तं दोन झाडं पडले!"

"पडले होते. बुधवारीच गोविंदाकडून तोडून घेतले त्यायनं."

वामनरावांच्या एक नंबर मशीनवर त्यांची नात बसून अभ्यास करते, हे रुपरावांनी मागच्या भेटीत पाहिलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, काय मजबूत मशीन आहे.

गाडी वळली. दुपारी प्रेमलता स्वतः जाऊन गोविंदाला घेऊन आली. त्यानं तीन तासांत बाभूळ तोडली, ढीग रचला आणि कुऱ्हाड खांद्यावर टाकून निघाला. पारावरच्या त्या दिवसाबद्दल तो अवाक्षर बोलला नाही, आणि तेच रुपरावांना जास्त लागलं.

"मंग" काही उजाडलं नाही. नत्थूजीची गाडी दिवाळीनंतर आली तोवर निम्मं फळ खाली होतं. बगीच्यात पाय ठेवायला जागा नव्हती. आंबूस वास घरापर्यंत येई. प्रेमलता रोज टोपल्या भरून बांधावर नेऊन टाकत होती आणि नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होती.

सडक्या संत्र्यांच्या त्या ढिगाऱ्यापाशी रुपराव उभे असताना कंपनीचा फोन आला. फोनवरच्या मुलीचा आवाज गोड होता. "सर, आमच्या सर्व्हिसबद्दल शून्य ते दहामध्ये किती गुण द्याल?"

त्यांना शून्य म्हणायचं होतं. शून्याच्या खालीही काही असतं का, हे विचारायचं होतं. पण शून्य म्हणजे आपण फसलो हे आपल्याच तोंडानं कबूल करणं. मग पार, मग गोविंदा, मग वामनराव. शिवाय त्या पोराची नोकरी. शिवाय मुलगी इतकी अदबीनं विचारत होती. एक संत्रं फांदीवरून सुटलं आणि त्यांच्या चपलेपाशी पडलं.

"दहा," रुपराव म्हणाले. "एक नंबर मशीन हाय."

हे दहा गुण धरून यंत्रकृपाला आता तीनशे तेरा जणांनी तारे दिलेले आहेत. त्यांतले वामनराव आणि रुपराव आपल्याला माहीत झाले. उरलेले तीनशे अकरा कोण, हे शोधायचा खटाटोप आम्ही केला नाही. तुम्हाला आठवत असेलच. काउंटरवर उभे होता, घरी जायची घाई होती, समोरचा पोरगा म्हणाला, "पाच स्टार द्या ना सर," आणि तुम्ही वस्तू सुरू व्हायच्या आधीच देऊन टाकले. एक दिवस येऊन रुपरावांचा बगीचा पाहून जा. पांदण आता मोकळी आहे.