आयडाच्या कबरीवरचा आठ

उत्तनच्या दफनभूमीत उत्तमने नव्या दगडावरचा कागद सोडवला आणि फ्रेडीसर मटकन शेजारच्या कट्ट्यावर बसले. काळ्या दगडावर आयडाचं नाव, आणि खाली सोनेरी रंगात संख्या: १२३४५६७८९.

"यात आठ कुठून आला रे?"

"तुम्ही विसरलेलात ना, सर," दगड कोरणारा उत्तम खुशीत म्हणाला. "सातनंतर डायरेक्ट नऊ! मी एल्टनभाईंना फोन केला. ते बोलले, बरोबर करून टाक."

मुलगा एल्टन खाली बघू लागला. "डॅडी, मी मीटिंगमध्ये होतो. मला वाटलं, स्पेलिंगचं काहीतरी असेल."

"अरे, आठ न्हाय हीच तर त्याची गंमत हाय!" सरांचा आवाज चिरकला.

सरांनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. लग्न ठरल्यावर लोक बायकोला कानातलं देतात. यांनी आयडाला ही संख्या दिली होती. गोड बोलणं त्यांना कधी जमलंच नाही. ती गेल्यावर दगडावर काय लिहावं ते सुचेना, म्हणून पुन्हा तीच दिली. आज चर्चमध्ये तिची वर्षाची मिस्सा. थोड्या वेळात सगळे नातेवाईक कबरीवर येणार होते.

"पण सर, एका आठाने काय बिघडतं?" उत्तमने विचारलं.

"तुझा आवडता आकडा सांग."

"आठच."

"आठ नवे बहात्तर. आता मोबाइल काढ. आठ गाळून ही संख्या टाक आणि बहात्तरने गुण."

उत्तमने गुणलं. स्क्रीनवर एका ओळीत नऊ आठ उभे राहिले.

"आयला! आठ काढला तर आठच आठ?" त्याने घाईघाईने कबरीला हात जोडले. "सॉरी हां, मावशी. थांबा सर, काळी लांबी कालवून तो आठ बुजवतो. कुणाला कळणारसुद्धा नाही."

तो गेला. एल्टन मात्र दगडावरची संख्या आठासकट जशीच्या तशी घेऊन बहात्तरने गुणत होता. तो एकदम हसला, मग त्याचा चेहरा उतरला. "डॅडी, हे बघ."

८८८८८८८८०८.

सरांना ते शून्य ओळखीचं होतं. पाहुणे आले की आयडा हौसेने ही जादू करून दाखवायची आणि दर खेपेला मधे आठ घालायची. उत्तरात शेवटून दुसरं हमखास शून्य. सर चिडायचे. ती म्हणायची, "त्या एकट्याला कशाला बाहेर ठेवतोस रे? त्यानं काय केलंय तुजं?"

उत्तम लांबी घेऊन आला आणि दगडापाशी उकिडवा बसला. सरांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

"काय राहू दे?" उत्तम कळवळून म्हणाला. "सर, गणित चुकतंय! मास्तरांच्या घरचा दगड, लोक काय म्हणतील?"

"तिचं असंच यायचं," फ्रेडीसर म्हणाले आणि खिशात रुमाल शोधू लागले.