फाइल आहे, घाबरू नका

जनार्दन घरत दुसऱ्याचं काम चालू असताना डिस्कची वायर उपसून काढतात, आणि त्यांना त्याचा पगार मिळतो.

आमचं ऑफिस जुन्या पनवेलात, साडीच्या दुकानावर. फोटो स्टुडिओवाल्यांच्या फाइली सांभाळून ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. मी ते लिहिते, घरतदादा ते पाडून बघतात. डिस्क भरली तर? लिहिता लिहिता वीज गेली तर? फाइलचा मधलाच तुकडा सडका निघाला तर? "आनि नाय झाला तर?" हा त्यांचा दिवसाचा पहिला प्रश्न. चहा सांगितला तरी हेच. मुलीच्या लग्नाच्या केटररला त्यांनी विचारलं, "मधेच गॅस गेला, तर निदान भात तरी वाचंल काय?" तो बिचारा लेखी द्यायला तयार झाला.

प्रोग्रॅमने पडावं, पण बोंबलत पडू नये आणि दुसऱ्याच्या अंगावर तर मुळीच पडू नये, असं त्यांचं मत. मी लिहिलं होतं, 'अनपेक्षित त्रुटी क्रमांक पाच'. त्यांनी ते खोडून लिहिलं, 'फाइल वाचता आली नाही. फाइल आहे. घाबरू नका. डिस्कची वायर बघा.' वर मलाच ऐकवलं, "बाय, त्या मानसाचा जीव टांगणीला लागलेला हाय, त्याला नंबर काय देतेस?"

एवढा सावध माणूस, पण एकदा त्यांचाही तोल गेला. नऊ वर्षांपूर्वी धाकट्या भावाशी, विलासशी, भांडताना तोंडातून निघून गेलं, "तू नसलास तरी आमचा काय अडत नाय." विलास त्याच संध्याकाळी पिशवी घेऊन निघाला. पळस्पे फाट्यावर गोव्याकडच्या गाडीत चढताना कुणीतरी त्याला पाहिलं, त्यानंतर पत्ता नाही. दादा अजून दर रविवारी त्याचा नंबर लावतात, "लागत नाय" म्हणतात आणि जेवायला बसतात. पोरीच्या लग्नाला तरी त्याने यावं, एवढं एकच मागणं त्यांनी आमच्यासमोर बोलून दाखवलं होतं.

गेल्या महिन्यात मी एक शहाणपणा केला. फोटोंची यादी उघडली नाही, तर गिऱ्हाईक नवीन आहे असं समजून कोरी यादी बनवायची. दादांनी सवयीने वायर उपसली. स्क्रीनवर फुलं उधळली गेली: 'स्वागत आहे! तुमचा पहिला फोटो जोडा.' चाचणीसाठी ठेवलेल्या हजारो फोटोंची यादी पुसून वर हा आहेर! मी खो खो हसले. दादा हसले नाहीत.

"वाचता आली नाय आनि नायच, या दोन वेगळ्या गोष्टी हायत!" त्यांचा आवाज इतका चढला की खालून साडीवाला वर आला. एका ओळीवरून केवढं ते! मी धुसफुसत दुरुस्ती केली आणि आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतं बोलले.

मग पत्रिका आल्या. दादांच्या चुलतभावाने छापून थेट ऑफिसातच आणून टाकल्या. नवरीच्या काकांच्या नावांत छापलं होतं: कै. विलास घरत.

"नऊ वर्सा झाली, दादा," चुलतभाऊ म्हणाला. "लोकांना काय सांगायचा?"

"फोन लागत नाय, येवढाच सांगायचा."

दादा व्हाइटनरची बाटली घेऊन बसले. माझा राग कुठल्या कुठे गेला. मीही शेजारी बसले. पत्रिकेवरचं 'कै.' पुसायचं, सुकलं की वर 'श्री.' लिहायचं. त्या दिवशी ऑफिसात कुणीच दुसरं काम केलं नाही.

शेवटची पत्रिका त्यांनी पाकिटात घातली, वर विलासचं नाव लिहिलं आणि पेन थांबलं. पत्ता काय घालणार? त्यांनी आपल्याच घराचा पत्ता लिहिला, तिकीट लावलं आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

चार दिवसांनी मी त्यांच्याकडे लग्नाच्या तयारीला गेले होते, तेव्हा पोस्टमन आला. पाकिटावरचं नाव वाचून त्याने विचारलं, "विलास घरत इथेच राहतात ना?"

दादांनी हात पुढे केला. "हो, हितंच. जरा भायेर गेलाय. आला की देतो."