आत्याच्या मातकट चादरी

माझ्या आत्याला लांबून लाल रंग दिसला, की ती चादर घेऊन धावायची. फोटो काढायला आलेले नवरा-नवरी असोत की कुणी साहेब, विचारणं नाही. सरळ अंगावर पांघरूण.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, नांदूर मध्यमेश्वरच्या अभयारण्याला लागून. इंग्रजांच्या काळातला दगडी बंधारा, गोदावरीच्या पाण्यातलं जुनं देऊळ आणि थंडीत उतरणारे हजारो पक्षी. भडक कपड्यांना पक्षी बिचकतात. म्हणून आत्याने जुन्या चादरी बाभळीच्या सालीत उकळून मातकट केल्या होत्या. पक्षी बघायच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर ती त्यांचा ढीग घेऊन बसायची. हे काम तिला कुणी दिलेलं नव्हतं. चौकीदाराने आधी हटकलं. मग एका सकाळी त्याचाच लाल मफलर तिने झाकला.

"अहो, फ्लेमिंगो स्वतःच गुलाबी असतो की," एकदा एक पाहुणा म्हणाला.

"त्येचा रंग अंगचा हाय. तुमचा दुकानातला," आत्या म्हणाली.

लग्नानंतर वर्षभरात ती माहेरी परतली, ती कायमचीच. घरात तिचं फारसं कुणी ऐकत नसे. ऐकणारी मी एकटी. बांधावर शेजारी बसवून तिने मला पक्षी ओळखायला शिकवले. बारावीनंतर मी नाशिकला कॉलेजात गेले, घरातली पहिलीच.

दुसऱ्या वर्षी डिसेंबरात आमच्या वर्गाची सहल नेमकी त्याच अभयारण्यात ठरली. शेजारीच माझं गाव आहे, हे मी कुणाला सांगितलं नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

त्या सकाळी पाण्यावर धुकं होतं. देऊळ तरंगत असल्यासारखं वाटत होतं. आत्या ढिगापाशी उभीच होती. पहिली चादर सरांच्या पिवळ्या स्वेटरवर पडली.

"अहो बाई, हे काय?"

"पिवळं लय लांबून दिसतं, सायेब."

मुलं हसू लागली. मैत्रिणीने मला विचारलं, "कोण गं ही? ओळखतेस?"

"नाही गं. असेल गावातली कुणी."

आत्या दोन हातांवर होती. तिने ढिगाच्या तळातून एक चादर ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. "घ्या ताई. तुमालाबी लागंल."

ताई म्हणाली. अहो-जाहो केलं. माझं खोटं तिने माझ्यापेक्षा नीट सांभाळलं.

मनोऱ्यावर सगळे गप्प होते. खाली चक्रवाक झोपेत असल्यासारखे वाहत होते. चादर सावरताना माझा हात तिला आतून शिवलेल्या खिशात गेला. इतर कुणाच्या चादरीला खिसा नव्हता. आत कागदात गुंडाळलेला शेंगदाण्याचा लाडू होता. सहलीचं तिला चौकीदाराकडून कळलं असावं.

मी वळून पाहिलं. पायवाटेवर ती मातकट लुगड्यात एकटी बसली होती. धुक्यात ती कुठे संपते आणि माती कुठे सुरू होते, कळत नव्हतं.

"आत्याऽऽ!" मी ओरडले.

अर्धं पाणी पंख होऊन वर उठलं. सर दचकले.

"माझी आत्या आहे ती," मी सगळ्यांना म्हणाले.

आत्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "हळू बोल की गं, भवाने! येवढं शिकवलं ना तुला?"

तिच्या आवाजाने उरलेले पक्षीही उडाले.