पैलवान आणि पोत्यातला चोर

"महिन्याभरात ह्या कुत्र्याचा वाघ करून दावतो," असं कृष्णात हवालदारानं सांगलीच्या पांजरपोळात सगळ्यांदेखत ठणकावलं. तेव्हा तो होणारा वाघ, म्हणजे पैलवान, एका म्हाताऱ्या गाईला टेकून घोरत होता.

ही चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. मूळचा उंब्रजचा हवालदार नुकताच पेन्शनीवर आला होता. घरी बसून जीव रमेना, म्हणून सांगलीत लेकीकडं राहून पांजरपोळात फुकट राबायचा. पलटणीत त्यानं खेचरं सांभाळली होती. पण चार पाय ते चार पाय, असं त्याचं म्हणणं.

पांजरपोळ तसा गाईंचा. कुत्री आपली कोपऱ्यात आसऱ्याला. बाकीची लोकांनी राखणीला नेली; पैलवानाला कुणी नेईना. व्यवस्थापक भाऊसो वैतागले होते.

"हवालदार, ह्यो गाईंची पेंड खातोय. कमिटी म्हणती, ह्या महिन्यात कुणी नेला न्हाई तर नगरपालिकेच्या गाडीत घाला."

त्या गाडीतलं कुत्रं परत येत नसे. त्या आळशी जनावरावर हवालदाराचा भारी जीव होता. तो त्याच दिवशी सायकल मारत कुपवाडला गेला आणि लेथचा कारखाना चालवणाऱ्या आप्पासोंना गळ घालून आला. आप्पासो म्हणाले, "चोर धरून दावला तर नेतो."

चोर व्हायला हवालदाराचा दोस्त याकूब तयार झाला. जुन्या पोत्यांचाच त्याचा धंदा. अंगाला पोती गुंडाळून तो पळायचा, आणि पैलवान मागनं झेपावून पोत्याला असा काही लोंबकळायचा की सोडायचं नाव नाही. हवालदाराची छाती फुगायची.

खरी गंमत हवालदाराला ठाऊक नव्हती. पहिल्याच दिवशी याकूबची पाचावर धारण बसली होती. दुसऱ्या दिवसापासून तो बायकोनं, सुगराबीनं, रांधलेल्या मटणाच्या नळ्या पोत्यात दडवून आणू लागला. पांजरपोळात मटण दिसलं असतं तर भाऊसोंनी दोघांनाही हाकललं असतं, म्हणून हवालदारालाही पत्ता नाही. पैलवानाला मात्र एक गोष्ट पक्की समजली: पोतं पांघरून पळणारा माणूस जेवायला वाढतो.

परीक्षेच्या दिवशी आप्पासो आले ते आपला कामगार गुंडा याला घेऊनच.

"तुमचा चोर नको, हवालदार. आमचा घ्या."

याकूबच्या तोंडचं पाणी पळालं. गुंडा पोती गुंडाळून पळाला. पैलवान झेपावला, त्याला आडवा पाडला आणि शेपूट हलवत पोत्यात नाक खुपसून नळी शोधू लागला. गुदगुल्यांनी गुंडा हसून हसून लोळायला लागला. नळी काही सापडेना. मग पैलवान त्याच्या पोटावर डोकं टेकून आशेनं वाट बघत बसला.

"धर की रं!" हवालदार कळवळला. नगरपालिकेची गाडी दारात उभी राहिलेली त्याच्या डोळ्यांपुढं आत्ताच येत होती. "आरं, असं धरायचं!" म्हणत त्यानं स्वतःच झेप घेतली आणि गुंडाच्या पिंढरीवरचं पोतं दातात धरलं.

"आवं हवालदार, सोडा! मी खरा चोर न्हाई!"

हवालदार सोडीना, उलट गुरगुरायला लागला. तेव्हा पैलवान जन्मात पहिल्यांदा भुंकला. जेवण वाढणाऱ्याला कुणी चावतंय हे त्याला कसं बघवावं? त्यानं हवालदाराची खाकी विजार मागून धरली आणि ओढून फाडली. भाऊसोंनी डोक्याला हात लावला.

हवालदार मातीत बसला, एका हातानं विजार सावरत. दुसरा हात आपोआप पैलवानाच्या मानेवर गेला. डोळ्यांत पाणी आलं होतं, तेही त्यानं लपवलं नाही.

"लय गरीब हाय ओ माझं लेकरू," तो म्हणाला. "त्याला गाडीत घालू नका."

आप्पासोंनी वाकून गुंडाच्या पिंढरीवरचं पोतं निरखलं.

"कुत्रं काय कामाचं न्हाई," ते म्हणाले. "पर हवालदार, तुमची पकड झ्याक हाय. राखणीला येता का?"

"पैलवानाला घेऊन येतो. न्हाईतर न्हाई."

"या घेऊन."

तेव्हापासून कारखान्याच्या फाटकापाशी हवालदार काठी घेऊन उभा असायचा आणि पैलवान बाजेवर झोपलेला असायचा. येणारे-जाणारे एकमेकांना सांगायचे, "आप्पासोंनी कुत्रं पाळलंय, आन् त्याच्या राखणीला मिलिटरीतला हवालदार ठिवलाय."