निर्गुडीची शास्त्रशुद्ध चौकशी

निर्गुडीचा पाला गरम करून गुडघ्याला बांधला की दुखणं थांबतं, हे पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत सर्वांना माहीत होतं. परंतु ते सिद्ध झालेलं नव्हतं. ही गंभीर त्रुटी दूर करण्यासाठी शहरातल्या एका संशोधन संस्थेनं चाचणी काढली. माझ्या सासूबाई मनकर्णाबाई तीत दाखल झाल्या. त्यांची अपेक्षा एवढीच, की पाटावर पाय पसरून बसता यावं आणि नातीला पायांवर घेऊन न्हाऊ घालता यावं. तूर्त ते काम मालिशवाली करायची आणि आई दारातून तिच्या चुका काढायच्या.

संस्थेची पहिली अट अशी, की निर्गुडीनं दुखणं थांबतं हे सिद्ध होईपर्यंत कुणीही घरी निर्गुडी वापरू नये. अंगणातलं झाड डोलत राहिलं, आईंचा गुडघा सुजत राहिला. निम्म्या बायकांना निर्गुडीचं तेल मिळालं, निम्म्यांना हिरवा रंग घातलेलं साधं तेल. कुणाला कोणतं, हे गुप्त.

तपासणीला आई माझा खांदा धरून जिना चढल्या. डॉ. सत्यम यांनी विचारलं, “आजी, दुखणं किती? शून्य ते दहामध्ये सांगा.”

“बरं हाय.”

“आकडा सांगा ना.”

“पोटच्या पोराला सांगत नाय, तुमाला कशाला सांगू? एवढा चहा पाजला तुमी. बरं हाय म्हणलं ना!”

“म्हणजे शून्य?”

“लिव्हा. तुमचं बी भलं व्हवो.”

मी म्हटलं, “डॉक्टर, त्यांना उभंसुद्धा राहवत नाही.”

“ताई, नातेवाइकांच्या सांगण्यावरून दुखणं नोंदवता येत नाही.”

शेजारच्या कडूबाईंना खरं तेल मिळालं असावं, कारण त्या तरातरा चालू लागल्या. ते पाहून त्यांच्या सुनेनं आधी भांडेवाली बंद केली, मग धुणंवाली. तपासणीला कडूबाई बसायच्या आधीच कडाडल्या, “दहा लिव्हा, दहा! कंबर गेली, खांदा गेला!”

“आणि गुडघा?”

“त्याला काय धाड भरलीय? त्यानंच तर घात केला!”

प्रश्न ‘दुखणं किती’ एवढाच होता. ‘कुठं’ हे मंजूर आराखड्यात बसत नव्हतं. दहा लिहिले गेले. खरं तेल मिळालेल्या बहुतेक घरांत थोड्याफार फरकानं हेच घडलं. खोटं तेल मिळालेल्या बायका मात्र आईंसारख्याच रीतभात सांभाळून होत्या. निष्कर्ष निघाला: निर्गुडी वेदना वाढवते, हिरवा रंग ती समूळ नाहीशी करतो. संस्थेनं हिरव्या रंगावरच्या पुढील संशोधनासाठी अनुदान मागितलं. संपूर्ण बऱ्या झालेल्या रुग्ण म्हणून आईंचा सत्कार ठेवला. त्यांना खुर्चीसकट उचलून मंचावर न्यावं लागलं.

चाचणी संपली, तशी बंदीही उठली. मी त्याच संध्याकाळी पाला गरम केला. पुढच्या आठवड्यात आई पाटावर बसल्या. पोरगी पायांवर पालथी, पाठीवर कोमट पाण्याची धार. “अगं माझी लबाडे, किती वाट बघायला लावलीस,” असं त्या तिला म्हणत होत्या, आणि ती मुठी चोखत हसत होती.

माझे डोळे भरून आले. ते पुसून मी मालिशवालीला फोन केला, उद्यापासून येऊ नका. भांडेवालीचं इतक्यात काही ठरवलेलं नाही. आईंना आणखी जरा उतार पडू दे.

असं बघू नका माझ्याकडे. तुमच्याकडच्या आजीही हल्ली झपझप चालतात, असं ऐकते.