बचावल्याचं जेवण

ज्या गोदामावर परमेश्वराची कृपा असते तिथे अपघात होत नाहीत. तिथे माणसं बचावतात. अल्माटीच्या वेशीवरच्या आमच्या गोदामात फोर्कलिफ्ट आल्यापासून एकही अपघात झालेला नाही. बचावले मात्र पुष्कळ. (बोटांवर निभावलेले तीन, बरगडीवर दोन. जो बचावला नाही तो कंत्राटी होता, म्हणजे मुळात आमचा नव्हता.)

संकटातून सुटलेल्याने चार माणसं जेवू घालून देवाचे आभार मानायचे, ही आम्हा कझाकांची जुनी, गोड रीत. मॅनेजर सेरिकबोल आगा भाविक गृहस्थ. त्यांनी ती सुरक्षा-नियमांतच घातली : बचावणाऱ्याने स्वखर्चाने जेवण द्यावे.

गेल्या आठवड्यात ब्रेक न लागल्याने फोर्कलिफ्ट तोलेउखानच्या पायावरून गेली. प्लास्टर सांभाळत तो आमंत्रण द्यायला आला.

"आगा, तेवढा ब्रेक दुरुस्त करा. त्याच गल्लीत माझी बायको माल लावते."

"अरे, डोकं शाबूत राहिलं ना तुझं?"

"राहिलंय म्हणूनच सांगतोय."

"हे बघ, ब्रेक दुरुस्त केला म्हणजे अपघात झाला असं होतं. मग तू बचावलास कुठे? आणि बचावला नाहीस तर जेवण कसलं? देवापुढे खोटं बोलायला लावतोस होय रे मला?"

तोलेउखानने जेवणाची वेळ विचारून घेतली.

जेवण झकास झालं. घोड्याचं मांस, कणकेचे तळलेले बाउर्साक, चहावर चहा. मग एका म्हाताऱ्या गवयाने दोंबरा छेडून देहाच्या क्षणभंगुरतेवर असं काही गायलं, की फोर्कलिफ्टवाल्याचेही डोळे भरून आले. (ब्रेकचा उल्लेख त्या पदात नव्हता, पद जुनं आहे.)

तोलेउखानची बायको रौशन वाढता वाढता म्हणाली, "आगा, माझ्या जेवणालाही एवढंच मांस पुरेल का?"

"थोडं जास्तच घे, सूनबाई. आज जरा कमी पडलं."

तिची ही दूरदृष्टी पाहून आगा गहिवरले. तिथल्या तिथे त्यांनी तिला सुरक्षा समितीवर घेतलं. सर्वांनी हात उचलून दुवा मागितली, तोंडावरून हात फिरवले आणि कामाला लागले. फोर्कलिफ्टही लागली.

आता वाचकहो, ब्रेकचं पुढे काय झालं यापेक्षा घोड्याचं मांस लागतं कसं, हेच तुम्हाला आधी विचारावंसं वाटलं असेल, तर संकोच करू नका. समितीला अशीच माणसं हवी आहेत. एक जागा रिकामी आहे. रौशन कालच बचावली.